फॅटी लिव्हर आणि हळदीच्या कॅप्सूल: बाबांना सुरू कराव्यात का?

अबोली | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन दिवस जुने धागे चाळले, पण हवं ते एका जागी सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढते आहे.

बाबा ५८ वर्षांचे. नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफी झाली आणि 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' आलं. रक्तात यकृताचे आकडे: एसजीपीटी ७४, एसजीओटी ५२. वजन ८४ किलो. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. दारूला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही, त्यामुळे लिव्हरचं दुखणं निघालं हे त्यांनी फारच मनाला लावून घेतलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत दाखवा. औषध काहीच दिलं नाही. 'एवढं निघालं आणि साधी गोळीसुद्धा नाही?' हे बाबांचं पालुपद दिवसभर चालू असतं.

त्यात परवा आत्या आली ती हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेऊनच. ती स्वतः दोन महिने गुडघ्यांसाठी घेते आहे आणि तिला फरक वाटतो. बाटलीवर लिहिलंय: हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य), सोबत काळ्या मिरीचा अर्क, दिवसातून दोन वेळा. वर ठळक अक्षरात 'यकृताच्या आरोग्यासाठी' असंही आहे. बाबा लगेच घ्यायला तयार आहेत. मी 'दोन दिवस थांबा' म्हणून बाटली कपाटात ठेवली आहे.

कुणी फॅटी लिव्हरसाठी घेतल्या आहेत का? खरंच उपयोग होतो का? आणि त्याहून महत्त्वाचं, काही अपाय होतो का?

रानवारा | सोमवार, रात्री १०:१५

अबोली, माझं मत 'द्यायला हरकत नाही' असं आहे. नुसतं ऐकीव बोलत नाही. फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर कर्क्युमिनच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत. २०१६ साली इराणमध्ये झालेल्या एका चाचणीत ८ आठवडे कर्क्युमिन दिलेल्या गटातल्या ७८.९ टक्के लोकांची यकृतातली चरबी सोनोग्राफीत कमी दिसली. नकली गोळी दिलेल्या गटात हेच प्रमाण २७.५ टक्के होतं. फरक लहान नाही. एसजीपीटी, एसजीओटीही उतरले होते. मला स्वतःला फॅटी लिव्हर आहे आणि मी चार महिने रोज एक कॅप्सूल घेतो आहे, त्रास शून्य. हळद माणूस हजारो वर्षं खात आला आहे, ती विष असती तर एव्हाना कळलं असतं.

पाऊलवाट | सोमवार, रात्री १०:३२

वाचते आहे. घरात हाच प्रश्न आहे.

खलबत्ता | सोमवार, रात्री ११:२०

मी फार्मासिस्ट आहे. रानवारा यांनी चाचणीचा आकडा बरोबर दिला आहे, पण त्याच चाचणीतला आणखी एक आकडा सांगायला हवा. त्यात रोज ५०० मिलिग्रॅमची जी मात्रा दिली, ती विरघळायला सोपी जावी म्हणून खास तयार केलेली होती आणि तिच्यात प्रत्यक्ष कर्क्युमिन होतं ७० मिलिग्रॅम. अबोलीच्या हातातल्या बाटलीप्रमाणे दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे ९५० मिलिग्रॅम, वर मिरीचा अर्क. दोन्हीकडे 'हळदीची कॅप्सूल' असंच म्हटलं जात असलं, तरी वस्तू वेगळ्या आहेत. एका चाचणीचा निष्कर्ष दुसऱ्या बाटलीला चिकटवता येत नाही.

आता 'हजारो वर्षं खातो' या मुद्द्याबद्दल. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. म्हणजे एखाद्याने दिवसाला ५ ग्रॅम हळद पोटात घातली, तरी १५० मिलिग्रॅम. आणि त्यातलंही रक्तात जवळजवळ काहीच पोचत नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि जे थोडं शोषलं जातं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून पटकन बाहेर काढून टाकतात. हजारो वर्षं आपल्याला हळद पचली, त्यात या अडथळ्याचा वाटा मोठा आहे.

मिरीतलं पायपरिन नेमका हाच अडथळा मोडतं. १९९८ साली बंगळुरूच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, एकदा नुसतं आणि एकदा २० मिलिग्रॅम पायपरिनसोबत. पायपरिनसोबत दिल्यावर कर्क्युमिनची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. आज कितीतरी बाटल्यांवर हाच आकडा मोठ्या अभिमानाने छापलेला असतो. मला तो आकडा वाचताना काळजी वाटते. यकृत एखादी गोष्ट बाहेर टाकायला बघतंय आणि आपण त्याचे हात बांधतोय, तेही यकृत आजारी असताना. शिवाय पायपरिन फक्त कर्क्युमिनपुरतं थांबत नाही. त्याच वाटेने जाणाऱ्या इतर औषधांचीही रक्तातली पातळी त्याने वाढू शकते.

अन्नात घालायच्या रंगद्रव्यांची सुरक्षित मात्रा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनसाठी रोज, आयुष्यभर, वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत अशी मर्यादा दिली आहे. ८४ किलोच्या माणसाला ती २५२ मिलिग्रॅम होते. बाटलीवरचा डोस जवळजवळ चौपट आहे. ही मर्यादा ओलांडली की लगेच अपाय होतो असं नाही. पण 'नैसर्गिक आहे, कितीही घ्या' असं म्हणायला इथे जागा नाही.

रानवारा | मंगळवार, सकाळी ७:०५

७० मिलिग्रॅमचा मुद्दा माझ्या नजरेतून निसटला होता. धन्यवाद. मी घेतो ती बाटली आत्ताच बघितली, त्यातही पायपरिन आहे. पण मग लोकांना प्रत्यक्षात अपाय झालेत का, की ही नुसती शक्यता आहे? माझा प्रश्न प्रामाणिक आहे.

सावली | मंगळवार, दुपारी १:५०

रानवारा, मला झालाय. सहसा मी इथे लिहीत नाही, पण आज लिहायला हवं.

माझं वय ४६. फॅटी लिव्हर होतं, अगदी सौम्य, एसजीपीटी ५० च्या आसपास. मैत्रिणीने सांगितलं म्हणून मिरीचा अर्क असलेल्या हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या. दोन-अडीच महिने काहीच नाही. मग थकवा यायला लागला. कामाचा ताण असेल म्हणून मी आठ-दहा दिवस तसेच ढकलले. नंतर अन्नावरची वासना गेली, मळमळ, अंगाला खाज, आणि एक दिवस लघवी काळ्या चहासारखी. आरशात डोळे पिवळे दिसले तेव्हा मात्र घाबरले. एसजीपीटी ११४०, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ६.२.

सहा दिवस रुग्णालयात होते. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळं निगेटिव्ह. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केला असेल का, यासाठीही तपासण्या झाल्या, शेवटी बायोप्सीही झाली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक डॉक्टरने विचारलं, 'काही औषध चालू आहे का?' प्रत्येकाला मी सांगितलं, 'नाही.' मी खोटं बोलत नव्हते. हळद हे औषध आहे असं माझ्या मनातच कधी आलं नाही. चौथ्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रश्न बदलला. 'तुमच्या उशाशी, पर्समध्ये, कपाटात कसल्याही कॅप्सूल, पुड्या, काढे, काहीही आहे का?' तेव्हा कुठे मला ती बाटली आठवली.

बंद केल्यावर आकडे उतरायला लागले, पूर्ण ठीक व्हायला नऊ आठवडे लागले. अबोली, बाटली कपाटात ठेवलीस ते चांगलं केलंस.

अबोली | मंगळवार, दुपारी २:३५

सावलीताई, वाचून हात गार पडले. आता बऱ्या आहात ना? आत्यालाही हे वाचायला देणार आहे.

सावली | मंगळवार, दुपारी २:४१

हो गं, आता अगदी ठीक. दर सहा महिन्यांनी तपासणी करते.

दीपमाळ | मंगळवार, रात्री ११:०५

मी पोट आणि यकृताच्या विकारांची डॉक्टर आहे. दिवसभराचं काम आटोपून लिहिते आहे, थोडं लांबेल.

रानवारा, अपाय झाल्याच्या नोंदी आहेत. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणारं 'डिलिन' नावाचं एक जाळं अमेरिकेत आहे. २००४ ते २०२२ या काळातल्या त्यांच्या नोंदींमध्ये हळदीच्या पूरकांशी जोडता आलेले १० रुग्ण होते आणि ते सगळे २०११ नंतरचे. १० पैकी ८ बायका. ५ जणांना भरती करावं लागलं, एका व्यक्तीचं यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. काहींनी घेतलेली उत्पादनं तपासली तेव्हा त्यांत खरोखर हळदच निघाली, म्हणजे भेसळीवर खापर फोडून मोकळं होता आलं नाही. इटलीत २०१८-१९ मध्ये हळदीच्या पूरकांनंतर हिपॅटायटिस झालेले २० हून जास्त रुग्ण पुढे आले, आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने बाटलीवर इशारा छापणं सक्तीचं केलं: यकृताच्या किंवा पित्ताच्या कामात बिघाड असेल, पित्ताचे खडे असतील, तर हे घेऊ नये. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये असेच इशारे दिले. फ्रान्सने तर शोषण वाढवलेल्या प्रकारांवर खास बोट ठेवलं.

आता दुसरी बाजू, कारण घाबरवून सोडणं मला पटत नाही. हळदीची पूरकं घेणारे लोक अक्षरशः लाखोंनी आहेत. त्यामानाने ही इजा विरळ आहे. रानवारांना चार महिन्यांत काही झालं नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही, बहुतेकांना काही होत नाही. पण ती कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, हीच अडचण आहे. डिलिनच्या १० रुग्णांपैकी ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एक जनुकीय प्रकार सापडला. ग्रीन टीच्या अर्काने यकृताला इजा झालेल्यांतही हाच प्रकार वारंवार दिसतो. म्हणजे काही जणांची प्रतिकारशक्ती या पदार्थाला वेगळ्या प्रकारे सामोरी जाते. त्यामुळे 'मला सोसलं, तुलाही सोसेल' हा हिशोब इथे लागू पडत नाही. सावली यांनी सांगितलेली कालरेषा, म्हणजे एक ते चार महिने सगळं ठीक आणि मग एकदम लक्षणं, ही आम्हाला ओळखीची आहे.

उपयोगाच्या चाचण्यांबद्दल. बहुतेक चाचण्या लहान आहेत, ८ ते १२ आठवड्यांच्या, आणि मोजमाप सोनोग्राफीवर. सोनोग्राफीत 'ग्रेड' ठरतो तो बघणाऱ्याच्या नजरेवर. त्यातून यकृत थोडं उजळ-फिकं दिसलं एवढं कळतं. रुग्णाचं पुढे काय होणार हे ठरतं ते फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात किती वण साठलेत यावर. कर्क्युमिनने हे वण कमी होतात असं पक्कं दाखवणारा पुरावा आज आपल्या हातात नाही. २०१९ च्या एका चाचणीत दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला दिला, त्यातल्या एका गटाला १२ आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम कर्क्युमिनही दिलं. नुसत्या आहार-व्यायामापेक्षा कर्क्युमिनवाला गट सरस ठरला नाही. माझ्या दृष्टीने ही चाचणी अबोलीच्या बाबांच्या परिस्थितीच्या सगळ्यात जवळची आहे.

आणखी एक अडचण रोजच्या कामातली. फॅटी लिव्हरच्या माणसाचा एसजीपीटी आधीच वाढलेला असतो. कॅप्सूलमुळे तो ७४ चा १४० झाला, तर घरचे म्हणणार फॅटी लिव्हर वाढलं, कदाचित कॅप्सूलचा डोसही वाढवतील. निरोगी माणसात जी खूण पटकन दिसते ती इथे झाकली जाते.

अबोली, दोन गोष्टी कळवाल? एक, रक्ततपासणीत प्लेटलेट किती आहेत. दोन, सोनोग्राफीचा अहवाल पूर्ण वाचा. फक्त शेवटचा निष्कर्ष नको, पित्ताशयाबद्दल काय लिहिलंय ते बघा.

अबोली | बुधवार, सकाळी ८:२०

प्लेटलेट २ लाख १० हजार.

आणि पित्ताशयाच्या ओळीत लिहिलंय, '६ मिमीचा खडा, भिंत जाड नाही.' आमच्यापैकी कुणीच ही ओळ वाचली नव्हती! सगळ्यांचं लक्ष 'ग्रेड २' वर. बाबांना पोटात कधी दुखलेलं नाही.

दीपमाळ | बुधवार, दुपारी ३:१०

मग कॅप्सूलचा प्रश्न तुमच्यापुरता इथेच संपतो. कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं. केवळ २० मिलिग्रॅमनंतर निरोगी लोकांत ते सुमारे ३० टक्क्यांनी आक्रसल्याचं सोनोग्राफीवर मोजलेलं आहे. शांत पडून असलेला खडा त्या रेट्याने नळीच्या तोंडाशी जाऊन अडकला, तर असह्य कळ, कावीळ, कधी स्वादुपिंडाला सूज. बाबांना बाटली देऊ नका. खड्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना सांगा. काही त्रास नसेल तर बहुधा ते नुसतं लक्ष ठेवतील.

प्लेटलेट मी विचारल्या त्या 'फिब-४' या हिशोबासाठी. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं हजारांतल्या प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. ५८ गुणिले ५२ म्हणजे ३०१६. ७४ चं वर्गमूळ ८.६, गुणिले २१०, म्हणजे १८०६. भागाकार १.६७. तो १.३ च्या खाली असता तर वण असण्याची शक्यता फार कमी असं म्हणून आपण निश्चिंत झालो असतो. २.६७ च्या वर असता तर काळजी. बाबा मधल्या पट्ट्यात आहेत, तेव्हा पुढची पायरी फायब्रोस्कॅन. त्यात सुई नाही, भूल नाही, बरगड्यांवर यंत्र टेकवून यकृताचा ताठपणा मोजतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हा आकडा दाखवा आणि फायब्रोस्कॅनबद्दल विचारा. 'काहीतरी कराच' असं बाबांना वाटतंय ना, तर करण्यासारखं हे आहे.

कोरापान | बुधवार, दुपारी ४:००

मग आता स्वयंपाकातली हळदही सोडायची का? आईला फॅटी लिव्हर आहे, हे वाचून तिने आजपासून हळद बंद केली.

खलबत्ता | बुधवार, दुपारी ४:२५

नाही, नाही. आईंना सांगा, जेवणातली चिमूट-दोन चिमूट हळद चालू ठेवा. वर जे चाललंय ते एकवटलेल्या अर्काबद्दल आणि शोषण वाढवण्याच्या युक्त्यांबद्दल आहे. फक्त 'औषध' म्हणून चमचे-चमचे पुडी पाण्यात ढवळून पिऊ नये. मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी तर मुळीच नाही, हळदीतली ऑक्झलेट लघवीत उतरतात.

मध्यान्ह | बुधवार, रात्री ८:४०

पायपरिन नसलेल्या नॅनो, लिपोसोमल, फायटोसोम वगैरे कॅप्सूल मिळतात. त्या सुरक्षित नाहीत का?

खलबत्ता | बुधवार, रात्री ९:३०

नावं वेगळी, हेतू एकच: जास्त कर्क्युमिन रक्तात पोचवायचं. मिरीच्या वाटेने नाही तर चरबीच्या वेष्टणात गुंडाळून. डिलिनने तपासलेल्या ७ उत्पादनांपैकी पायपरिन फक्त तिनांत सापडलं होतं, म्हणजे पायपरिन नाही म्हणून धोका नाही असंही नाही.

सोबत कुणाची इतर औषधं चालू असतील तर तेही लिहून ठेवतो, कारण दुकानात मला हे रोज विचारलं जातं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी हळदीच्या कॅप्सूलपासून लांब राहावं. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियामकाने एका रुग्णाची नोंद जाहीर केली होती. हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांत त्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, १० च्या वर गेला. एवढ्यावर आपोआप रक्तस्राव होऊ शकतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेली असणाऱ्यांनी आणि अवयव बदलल्यानंतर टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. लोह कमी असणाऱ्यांनीही जपावं, कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं.

चांदणवेल | बुधवार, रात्री ११:००

थोडं विषय सोडून. अबोलीच्या बाबांच्या मनाला लागलंय त्याबद्दल लिहावंसं वाटलं. माझ्या नवऱ्याचंही असंच झालं होतं. न पिणाऱ्या माणसाला 'लिव्हर' म्हटलं की लोक ज्या नजरेने बघतात, ते फार बोचतं. त्याला सगळ्यात जास्त धीर आला तो हे कळल्यावर की वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच उमगलं. १९८० साली मेयो क्लिनिकमधल्या युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांबद्दल लिहिलं, ज्यांचं यकृत सूक्ष्मदर्शकाखाली दारुड्याच्या यकृतासारखं दिसत होतं आणि जे पीत नव्हते. तेव्हापासून 'नॉन-अल्कोहोलिक' हे नाव चिकटलं. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी मिळून ते नावच बदललं, कारण नावात दारू असणं रुग्णांना कमीपणा आणणारं होतं. आता नाव चयापचयाशी जोडलेलं आहे, एमएएसएलडी. बाबांना हे नक्की सांग.

अबोली | गुरुवार, सकाळी ७:१५

चांदणवेल, काल रात्रीच वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ते २० जणही माझ्यासारखेच बसले असतील गप्प.' खूप खूप आभार.

रानवारा | गुरुवार, सकाळी ९:५०

माझ्या पहिल्या प्रतिसादातला 'द्यायला हरकत नाही' हा सल्ला मी मागे घेतो. खडा आहे हे माहीत नसताना मी तो दिला होता, आणि विचारलंही नव्हतं. मी माझी कॅप्सूल थांबवली आहे, उद्या रक्त देतो आहे.

दीपमाळ, एक विचारायचं होतं. कॅप्सूल नाही तर मग काय? नुसतं 'वजन कमी करा' ऐकून माणूस खचतो. किती, कशाने, कधीपर्यंत?

दीपमाळ | गुरुवार, रात्री १०:४५

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आम्ही डॉक्टर त्यालाच सगळ्यात कमी वेळ देतो हे मला मान्य आहे.

आकड्यांत सांगते. वजनाच्या ३ ते ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांवर सूज शमायला लागते. १० टक्के किंवा जास्त उतरवणाऱ्यांत वणसुद्धा मागे सरकलेले दिसतात. क्यूबात २९३ रुग्णांवर वर्षभर हे तपासलं होतं, आधी बायोप्सी, नंतर बायोप्सी. २०१५ साली ते छापून आलं. १० टक्के उतरवणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांच्या यकृतातली सूज पूर्ण शमली होती. कर्क्युमिनच्या जवळही अशी ताकदीची आकडेवारी नाही. पण त्यातच हेही दिसलं की १० टक्क्यांपर्यंत पोचणारे १० जणांत एकच होते. म्हणून मी माझ्या रुग्णांशी आधी फक्त ५ टक्क्यांबद्दल बोलते.

अबोलीच्या बाबांसाठी ५ टक्के म्हणजे ४.२ किलो. घाई नको. वजन फार भराभर उतरलं की पित्ताचे खडे वाढतात, आणि त्यांच्याकडे आधीच एक आहे. आठवड्याला अर्धा किलो पुरे. आठवड्यात १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, जमल्यास दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. वजनकाटा हलला नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. गोड पेयं पूर्ण बंद, त्यातली फ्रुक्टोज यकृत थेट चरबीत बदलतं. कॉफी सोसत असेल तर जरूर घ्यावी, कॉफी पिणाऱ्यांत वण कमी आढळतात.

औषधं आता आली आहेत. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरोमला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला मंजुरी मिळाली, पण ती मध्यम ते जास्त वण असलेल्यांसाठी. व्हिटॅमिन ई ची २०१० ची गाजलेली चाचणी मधुमेह नसलेल्यांवर होती, तेव्हा बाबांना ते कुणी परस्पर सुचवलं तरी घेऊ नये.

आणि इतकं सगळं वाचूनही ज्यांना कॅप्सूल घ्यायचीच आहे, त्यांनी निदान सुरू करण्याआधी यकृताच्या तपासण्या कराव्या, महिन्याने पुन्हा कराव्या, आणि थकवा, मळमळ, खाज, गडद लघवी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जावं. बाटली सोबत न्यावी.

अबोली | शुक्रवार, रात्री ९:००

आत्याला धागा वाचायला दिला. आधी रागावली. 'मी भावाला विष देईन का?' म्हणाली. मी म्हटलं, 'आत्या, तुझी माया कुणी तपासत नाहीये, बाटली तपासतोय.' मग सावलीताईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. सोमवारी बाबांबरोबर तिच्याही तपासण्या करतोय.

रानवारा | रविवार, दुपारी १२:३०

माझा एसजीपीटी आला ५८. चार महिन्यांपूर्वी ६१ होता. म्हणजे अपाय नाही, पण ज्यासाठी घेत होतो तो उपयोगही फारसा नाही. वजन मात्र या चार महिन्यांत दोन किलोने वाढलंय. कॅप्सूल घेतोय म्हणून मी चालणं सोडून दिलं होतं.

अबोली | तीन महिन्यांनंतर, शनिवार, सकाळी १०:२०

धागा वर काढते आहे, कारण काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

बाबांचा फायब्रोस्कॅन ६.४ आला. ८ च्या खाली असल्यामुळे जास्त वण असण्याची शक्यता खूप कमी, असं डॉक्टरांनी सांगितलं. फिब-४ चा कागद दाखवला तेव्हा त्यांनी तो नीट वाचला आणि फायलीत लावून घेतला. खड्यावर सध्या नुसतं लक्ष.

वजन ८४ चं ७९.५ झालं. एसजीपीटी ४६, एसजीओटी ३४. बाबा रोज सकाळी पाऊण तास चालतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मिनिटं लिहून ठेवतात. मधले पंधरा दिवस काटा जागचा हलला नाही, तेव्हा ते पार हिरमुसले होते. दीपमाळ यांनी लिहिलेलं 'काटा हलला नाही तरी' हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहून कॅलेंडरखाली चिकटवलं.

आत्याच्या तपासण्या व्यवस्थित आल्या. तरी तिने कॅप्सूल थांबवली. गुडघे थोडे जास्त दुखतात असं म्हणते, आणि ते मी इथे लिहावं असं तिने बजावून सांगितलं आहे. आता हाडांच्या डॉक्टरांनी दिलेले मांडीचे व्यायाम करते आहे. बाबांसाठी आणलेली बाटली अजून सीलबंद होती, ती दुकानदाराने परत घेतली.

पुढची तपासणी आणखी तीन महिन्यांनी. बाबांना तोवर ७८ करायचं आहे.

सावली | शनिवार, सकाळी १०:५५

७८ झालं की इथे लिही. मी वाट बघते.